मालकाला साक्षात्कार, आणि उधारी कोणाच्या नावावर?

चटईवाला, जळगाव (धागा सुरू करणारा)

मागच्या रविवारी शेतात भरीत पार्टी झाली. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पोट भरल्यावर गप्पा रंगल्या आणि बंगळुरूहून आलेल्या भाच्याने अशी एक गोष्ट काढली की पंगत दोन भागांत फुटली.

तो ज्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिचा मालक पेरूला जाऊन आयाहुआस्का पिऊन आला. अमेझॉनच्या जंगलातली एक वेल आणि एका झुडपाची पानं एकत्र उकळून केलेला हा काढा. तिथल्या आदिवासींच्या विधीतला. प्यायल्यावर काही तास माणूस आपल्या नेहमीच्या जगात नसतो. परत आल्यावर मालकाने दोन प्रॉडक्ट बंद केली, स्वतःचा पगार निम्मा केला आणि सोमवारच्या मीटिंगा रद्द केल्या. भाचा म्हणतो, माणूस सुधारला. माझे मेहुणे म्हणाले, माणूस कामातून गेला.

माझं मत सांगतो, मग काय चपला मारायच्या त्या मारा. मला यात तथ्य वाटतं. मी कधी काही घेतलेलं नाही, घेणारही नाही, चहाचा तिसरा कप घेतला तरी मला झोप येत नाही. पण आमच्या चटईच्या कारखान्यात एक जुनं यंत्र होतं, वडिलांनी घेतलेलं. सहा वर्षं ते तोट्यात चालवलं. सीएने सांगितलं, फोरमनने सांगितलं, बायकोने तर रोज सांगितलं. आकडे समोर होते, तरी हात उचलला नाही. मग टायफॉईड झाला. अकरा दिवस अंथरुणावर पडून छताकडे बघत होतो. एका दुपारी कारखाना असा दिसला, जणू शेजाऱ्याचा आहे. शेजाऱ्याला मी काय सल्ला दिला असता? उठल्यावर पंधरा दिवसांत यंत्र भंगारात काढलं.

मालकाची अडचण माहितीची नसते, गाडी चाकोरीत रुतलेली असते. ही सायकेडेलिक, म्हणजे भान बदलून टाकणारी द्रव्यं, जशी मशरूममधलं सायलोसायबिन, एलएसडी, मेस्कॅलिन वगैरे, ती चाकोरी काही तासांपुरती मोडतात असं संशोधक म्हणतात. तर मग हे 'अमेरिकेतल्या रिकामटेकड्यांचे चाळे' म्हणून उडवून लावायचं का?

पारोळेकर

मंग टायफॉईडना बी क्लास काढतस का भो?

बंगळुरूचा भाचा

मामांनी माझं नाव न घेता माझी भानगड चावडीवर आणली आहे, तेव्हा मीच बोलतो.

हे फॅड काल-परवाचं नाही. मायरन स्टोलारॉफ नावाचा एक इंजिनिअर कॅलिफोर्नियातल्या ॲम्पेक्स कंपनीत होता. टेपरेकॉर्डर बनवणारी, त्या काळातली पुढारलेली कंपनी. १९५६ मध्ये त्याने एलएसडी घेतलं आणि त्याला वाटलं की कंपनीतल्या लोकांनाही याचा उपयोग होईल. काही इंजिनिअरांवर त्याने प्रयोगही केले. व्यवस्थापनाने हात झटकले. मग १९६१ मध्ये नोकरी सोडून त्याने मेन्लो पार्कला स्वतःची संस्था काढली. तिथेच विलिस हार्मन, जेम्स फॅडिमन वगैरे मंडळींनी २७ जणांना मेस्कॅलिन देऊन पाहिलं. त्यात इंजिनिअर होते, वास्तुरचनाकार होते, गणिती होते. अट एकच, प्रत्येकाने आपल्या कामातला, बरेच दिवस डोकं आपटूनही न सुटलेला प्रश्न सोबत आणायचा. बऱ्याच जणांना उपयोगी तोडगे सापडले. १९६६ मध्ये अमेरिकन सरकारने हे काम थांबवलं, निष्कर्ष वाईट आले म्हणून नव्हे, वारं फिरलं म्हणून.

स्टीव्ह जॉब्स एलएसडीचा अनुभव आपल्या आयुष्यातल्या दोन-तीन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींत धरायचा. पीसीआर चाचणी, जी कोविडमध्ये आपल्या सगळ्यांच्या नाकापर्यंत पोचली, तिच्या शोधाबद्दल १९९३ चं नोबेल मिळालेला कॅरी मलिस एलएसडीचं ऋण उघड मान्य करायचा. आणि २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सायलोसायबिनच्या सत्रात ज्यांना खोल गूढ अनुभव आला, त्यांच्या स्वभावातला मोकळेपणा वाढला आणि वर्षभरानंतरही बराचसा टिकून होता. तिशीनंतर माणसाचा स्वभाव सहसा हलत नाही, तो इथे हलला.

आणि एक ऐकून घ्या. आपल्याकडे किती सौदे ढाब्यावर, दुसऱ्या पेगनंतर, शेवभाजीच्या ताटावर ठरतात? तेव्हा कोणी विचारत नाही की निर्णय घेणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का.

वकीलसाहेब, जळगाव कोर्ट

चर्चा चालू द्या, फक्त शेतमालकांच्या कानावर एक गोष्ट घालतो. एलएसडी आणि सायलोसायबिन ही दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहेत. एलएसडीसाठी 'व्यावसायिक प्रमाण' ०.१ ग्रॅम, म्हणजे चिमूटही नाही. तेवढ्यावर किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं आणि लाखाच्या पुढे दंड. आणि याच कायद्याचं कलम २५ सांगतं की जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू देणाराही गुन्हेगार. तेव्हा भरीत पार्टीत भाचेबुवांनी फक्त गोष्टीच आणल्या होत्या हे बरं झालं.

दारूचं म्हणाल तर तिथेही परवाना लागतो, पण ते जाऊ द्या, निम्मा जिल्हा आत जाईल.

डॉक्टर, धुळे

मी मनोविकारांवर उपचार करतो. भाचेबुवांनी सांगितलेलं खोटं नाही, पण अर्धंच आहे.

मेन्लो पार्कच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे २७ हुशार माणसं, प्रत्येकाकडे आवडीचा प्रश्न, शांत खोली, फोन नाही, आणि 'आज तुम्हाला उत्तर सापडणार' असं आधीच सांगितलेलं. मेस्कॅलिनच्या जागी लिंबू सरबत दिलं असतं तर किती प्रश्न सुटले असते? हे कोणी पाहिलंच नाही. चटईवाले भाऊ, तुमचा टायफॉईड याच जातीचा पुरावा आहे. यंत्र टायफॉईडने विकलं की अकरा दिवसांच्या सुट्टीने?

हल्ली कचेरीत जाणारे लोक 'मायक्रोडोसिंग' करतात, म्हणजे नशा जाणवणार नाही इतका बारीक अंश घेऊन कामाला बसतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मंडळींनी २०२१ मध्ये अशा १९१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. युक्ती मोठी छान होती. लोकांनी घरीच कॅप्सूल भरल्या, काही खऱ्या, काही रिकाम्या, आणि अशा मिसळल्या की घेणाऱ्यालाही कळू नये. चार आठवड्यांनी खऱ्या घेणाऱ्यांना बरं वाटत होतं. रिकाम्या घेणाऱ्यांनाही तेवढंच बरं वाटत होतं.

मोठ्या डोसची गोष्ट वेगळी, तिथे परिणाम खराच असतो. हॉपकिन्सच्या २००६ च्या अभ्यासात ३६ जण होते. दोन महिन्यांनी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. त्याच अभ्यासात सुमारे तिसऱ्या हिश्श्याला सत्रादरम्यान तीव्र भीतीही वाटली, ते मात्र कोणी स्टेजवर सांगत नाही. ही माणसं निवडून घेतलेली होती. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर अशा अभ्यासांत घेतच नाहीत. आधी अनेक तासांची तयारी, सत्रात शेजारी प्रशिक्षित माणसं. नैराश्याची गोळी चालू असताना आयाहुआस्का प्यायल्याने जिवावर बेतू शकतं. बाहेरगावच्या रिट्रीटला जाताना हे सगळं कोण विचारतं?

उपचार म्हणून मी याच्या विरोधात नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठराविक मनोविकारतज्ज्ञ नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. दुसरीकडे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने एमडीएमए या अशाच एका द्रव्याच्या उपचाराचा अर्ज फेटाळला. म्हणजे आजारी माणसाच्या बाबतीतही अजून एकमत नाही. 'धंद्यातला निर्णय सुधारतो' हे तर नीट तपासलेलंच नाही. मोकळेपणा वाढणं आणि निर्णय चांगला होणं यात केवढं तरी अंतर आहे. फार मोकळा झालेला माणूस चिटफंडातही पैसे टाकतो.

भुसावळ जंक्शन

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य फ्रेम करून दुकानात लावतो.

रावेरची केळी

मलिसचं नाव निघालं म्हणून. याच मलिसने पुढे एचआयव्हीमुळे एड्स होतो हे मानायला नकार दिला आणि ज्योतिषावर विश्वास ठेवला. डोकं तेच, मोकळेपणा तोच. एकदा नोबेल लागलं, दुसऱ्यांदा घसरलं. आता त्या मोकळेपणाला श्रेय द्यायचं तर दोन्हीचं द्या.

माझ्याकडे सोळा हजार खोडं आहेत. केळीवाल्याचा निर्णय म्हणजे काय, तर व्यापारी बांधावर उभा, आजचा भाव अमुक, ढग दिसतायत, माल कापायचा की आठ दिवस थांबायचं. वादळ आलं तर बाग आडवी. तिथे 'सगळं विश्व एक आहे' हे कळून उपयोग काय? व्यापारी आणि मी एक नाही आहोत एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

बंगळुरूचा भाचा

रावेरच्या काकांना मान्य, माल कापायच्या दिवशी कोणी हा काढा पिऊ नये. पण सोळा हजार खोडं लावायची की त्यातल्या चार एकरात दुसरं काही, हा प्रश्न बांधावरचा नाही. तो तुम्ही किती वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता?

रावेरची केळी

विचारला होता. उत्तरही आलं होतं. बापाने ऐकलं नाही.

अमळनेरी

आमच्या गावाशिवाय हा विषय पुरा कसा होणार? १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून २१ वर्षांचा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. आता गंमत बघा. स्टॅनफर्ड म्हणजे मेन्लो पार्कच्या शेजारी. वर सांगितलेले प्रयोग त्याच सुमाराला, हाकेच्या अंतरावर चालले होते. पोरगा तिथून आला तो तुपाचे डबे मोजायला बसला. पुढे १९७७-७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली तेव्हा कॉम्प्युटरची जागा रिकामी झाल्याचं त्याने हेरलं. तुपाच्या माणसाने कॉम्प्युटर करावा याहून मोठी चाकोरी कोणती मोडायची? ज्यांनी तेव्हाचे शेअर जपले त्यांच्या कोट्यवधींच्या गोष्टी आमच्याकडे पारावर ऐकायला मिळतात. (माझ्या आजोबांनी विकून बैलजोडी घेतली. बैल चांगले होते म्हणे.)

तसंच भवरलाल जैन. १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलच्या धंद्यातून सुरुवात. १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढलं. केळीच्या जिल्ह्यात केळीचा कारखाना घेऊन पपईकडे वळायचं हे सुचायला कोणता काढा लागला?

आणि ज्याला मन-आत्म्याची ओढ होती त्याने काय केलं? श्रीमंत प्रताप शेठ, गिरणीमालक. त्यांनी १९१६ मध्ये अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. देशभरातून अभ्यासक आणून त्यांना राहायला, शिकायला, वाद घालायला जागा दिली. गिरणी वेगळी, तत्त्वज्ञान वेगळं. उद्या वेदान्त कळला म्हणून परवा गिरणीचे भोंगे बदलले नाहीत.

चटईवाला, जळगाव

अमळनेरी भाऊ, यशस्वी झालेल्यांच्या गोष्टी सांगून 'त्यांना गरज पडली नाही' म्हणणं सोपं आहे. जे चाकोरीत रुतून संपले, त्यांच्या गिरण्यांच्या जागेवर आज प्लॉट पाडलेत. प्रताप मिलचं तरी पुढे काय झालं?

अमळनेरी

इथे दुखऱ्या जागी मारलं राव. पण भोंगा बंद पडायला कापड धंद्याची कारणं होती, काढ्याची कमतरता नव्हती.

साक्रीकडचा

चर्चा अमेरिकेत आणि अमळनेरात फिरतेय, आमच्या डोंगरात पण या. मार्गशीर्षात आमच्याकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. पावरी वाजते, रात्र-रात्र नाच चालतो, माणसांच्या अंगात वारं येतं. काही न पिताही डोकं नेहमीच्या जागेवरून हलतं, हे आम्हाला शिकवायला हॉपकिन्स नको. पण ज्याच्या अंगात वारं येतं तो एकटा नसतो. व्रत असतं, दिवस ठरलेले असतात, गाव भोवती असतं. वारं उतरलं की तोच माणूस सकाळी शेण काढतो. 'मला रात्री वारं आलं होतं, म्हणून आजपासून गावाची विहीर माझ्या म्हणण्यानुसार चालेल' असं म्हणायची सोय त्याला नसते.

मेक्सिकोतल्या मशरूमची गोष्ट मी वाचली आहे. गॉर्डन वॉसन, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष, १९५५ मध्ये वाहाकाच्या डोंगरातल्या एका गावात गेला. मारिया साबिना नावाच्या बाईने त्याला आपल्या विधीत बसवलं. तिच्याकडे हा विधी आजारी माणसासाठी होता, मोठा विचार सुचावा म्हणून नव्हे. वॉसनने १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात लेख लिहिला. पुढे त्या गावात परदेशी पोरांची रीघ लागली, पोलीस आले, गावाने दोष साबिनाला दिला, तिचं घर जाळलं. वॉसनचं नाव झालं. धंद्यातल्या माणसाने हा अनुभव घेतल्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट हीच, आणि तिचा हिशेब दुसऱ्याच कोणीतरी चुकवला.

भुसावळ जंक्शन

हाच वॉसन पुढे म्हणाला की आपल्या वेदांमधला सोम म्हणजेही मशरूमच, लाल टोपीची. मग लगेच 'आमच्याकडे हे आधीच होतं' वाले येतील, त्यांच्या आधी मी सांगून ठेवतो की हे त्याचं मत आहे, त्यावर पंडितांत वाद आहेत.

जिनिंगवाल्यांच्या घरातली, चोपडा

गेले दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. आमच्या घरात हे घडलं आहे.

माझे दीर तीन वर्षांपूर्वी नेदरलँड्सला गेले होते. यंत्रांच्या प्रदर्शनाला. तिथे सायलोसायबिन असलेल्या ट्रफल, म्हणजे मशरूमचे जमिनीतले गड्डे, कायद्याने विकता येतात. मित्राच्या ओळखीने ते एका शिबिराला बसले. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. आल्यावर आठ दिवसांनी जेवताना स्वतःच बोलले. सासूबाईंनी ताट तसंच ठेवून देव्हाऱ्यापुढे जाऊन दिवा लावला.

आता काय झालं ते दोन्ही सांगते, कारण इथे प्रत्येक जण एकच बाजू सांगतोय.

पहिली गोष्ट. दीर आणि त्यांचा चुलतभाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. वाटणीत एक गोडाऊन कोणाकडे जायचं यावरून. लग्नांत एकमेकांकडे पाठ करून बसायचे. परत आल्यावर पंधराव्या दिवशी दीर कोणाला न सांगता त्यांच्या दारात गेले, कानबाईच्या रोटांच्या दिवशी. गोडाऊन तुझं म्हणाले. कागदही करून दिला. चुलतभाऊ रडले, त्यांची आई रडली, आमच्या सासूबाई (ज्यांनी दिवा लावला होता त्या) तर थांबेचनात. अकरा वर्षं जे नातेवाईक, पंच, आमदारांपर्यंतची माणसं करू शकली नाहीत ते एका दुपारी झालं. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, याला कोणी 'नशा' म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

दुसरी गोष्ट. त्याच महिन्यात त्यांनी कापसाच्या गाठींच्या विक्रीची पद्धत बदलली. आमच्याकडे सासऱ्यांपासून नियम होता, नव्या पार्टीला आधी पैसे, मग माल. दीर म्हणाले, अविश्वासावर धंदा करणं म्हणजे भीतीवर धंदा करणं, माझी भीती गेली आहे. दक्षिणेतल्या दोन नव्या पार्ट्यांना नव्वद दिवसांच्या उधारीवर माल गेला. मी हिशेब बघते. मी विचारलं, भाऊजी, जीएसटीचे रिटर्न तरी बघू त्यांचे. ते हसले. ते हसणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं, प्रेमाचंच होतं, लहान मुलीला हसावं तसं. त्यांना ते *दिसलं* होतं ना. ज्याला दिसलंय त्याच्याशी वाद कसा घालायचा? आकड्यांवर आकडे ठेवता येतात, दिसण्यावर काय ठेवणार?

एका पार्टीचे पैसे आले. दुसरीचे आजपर्यंत आले नाहीत. त्या हंगामात बँकेचा हप्ता भरायला माझ्या बांगड्या गेल्या आणि सहा हमालांना दिवाळी अर्धी मिळाली. त्या सहा जणांनी नेदरलँड्सही पाहिलं नव्हतं आणि ट्रफलही.

दोन्ही निर्णय एकाच डोक्यातून, एकाच महिन्यात, एकाच खात्रीने आले. गोडाऊन देताना आणि उधारी देताना त्यांच्या चेहऱ्यावर सारखाच उजेड होता. म्हणून माझं म्हणणं असं की त्या उजेडावरून निर्णय ओळखता येत नाही. गोडाऊन ही त्यांची स्वतःची गोष्ट होती, स्वतःचा मान सोडायचा होता, तो सोडायला त्यांना बळ मिळालं. उधारीत सोडायचं होतं ते दुसऱ्यांचं होतं.

मुक्ताईनगरवाला

चोपड्याच्या ताई, तुमचं वाचून आमच्याकडची गोष्ट आठवली. सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. चांगदेव चौदाशे वर्षं जगलेला योगी, सिद्धी सगळ्या वश. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना काय लिहावा कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच. मग वाघावर बसून, सापाचा चाबूक करून, शिष्यांचा लवाजमा घेऊन आला. पुढे त्याच मुक्ताईला गुरू केलं. तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आहे, तिचं आमच्याकडे.

तुमच्या दिरांना अनुभव आला तो खरा असेल. वाघही खरा होता. पण घरात हिशेब बघणारी जी लहान आहे, तिचं ऐकायला वाघावरून उतरावं लागतं.

बंगळुरूचा भाचा

ताई, मी दोन वेळा उत्तर लिहून पुसलं.

आमच्या मालकांनी मीटिंगा रद्द केल्या ते आम्हाला आवडलं. बंद केलेल्या दोन प्रॉडक्टवर मिळून चौदा जण होते, ते मी मामांना भरीत पार्टीत सांगितलं नव्हतं. नऊ जणांना दुसरीकडे बसवलं. पाच जणांना नाही. मालक त्यांच्याशी फार प्रेमाने बोलले, मिठ्या मारल्या. त्यातला एक मला नंतर म्हणाला, ओरडून काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

तरीही मी एक मुद्दा सोडत नाही. ताईंच्या घरातली पहिली गोष्ट घडली. ती घडायला दुसरा कोणता रस्ता होता?

इगतपुरी पॅसेंजर

रस्ता आहे, आणि जळगावहून मुंबईच्या गाडीत बसलं की लागतो, इगतपुरीचं विपश्यना केंद्र. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी होते. अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. हे गुरू म्हणजे ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल, हिशेबनीस माणूस. डोकेदुखी घालवायला आलोय असं गोयंकांनी सांगितल्यावर गुरूंनी आधी परतच पाठवलं, ही विद्या त्यासाठी नाही म्हणून. 'लीडरशिप सुधारायला' आलेल्या कंपनीवाल्यांना असं दारातून परत पाठवणारं एक तरी शिबिर दाखवा.

दहा दिवस लागतात, कंटाळा येतो, पाय दुखतात, पैसे मागत नाहीत. मी दोनदा बसलो आहे. धंदा वाढला नाही. भावाशी मात्र बोलायला लागलो.

डॉक्टर, धुळे

विपश्यनेलाही सगळ्यांनी डोळे झाकून जाऊ नये, दहा दिवसांच्या मौनानंतर बिघडलेले रुग्णही मी पाहिले आहेत. पण ते राहू द्या. ताईंनी लिहिलेलं 'दिसलं होतं ना' हे या धाग्यातलं सगळ्यांत नेमकं वैद्यकीय निरीक्षण आहे. या द्रव्यांचा एक परिणामच असा की आलेला विचार विचार वाटत नाही, उघड झालेलं सत्य वाटतो. नैराश्यात रुतलेल्या माणसाला 'मी जगायला लायक आहे' असं सत्य वाटलं तर चांगलंच आहे. पण 'ही पार्टी पैसे देईल' हे सत्य वाटून कसं चालेल?

चटईवाला, जळगाव

धागा मीच काढला, तेव्हा कुठवर आलो ते सांगतो. चाकोरी मोडावी लागते, ते म्हणणं मी मागे घेत नाही. पण यंत्र भंगारात काढायच्या आधी पंधरा दिवस गेले होते ते मी घाईत लिहून गेलो. त्या पंधरा दिवसांत सीएला परत आकडे काढायला लावले होते, फोरमनला विचारलं होतं, भंगारवाल्यांचे तीन भाव घेतले होते. छताकडे बघताना जे दिसलं ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना पटलं नसतं तर यंत्र आजही खडखडत असतं.

चोपड्याच्या ताई, राग नसेल तर विचारतो. आता तुमच्याकडे कसं चालतं? भाऊजी परत गेले का कधी?

जिनिंगवाल्यांच्या घरातली, चोपडा

राग कसला.

गेले नाहीत. जायचं नाही असंही म्हणत नाहीत. पण त्या हंगामानंतर सासूबाईंनी एक नियम काढला, दिव्यासमोर बसूनच. पाच लाखांच्या वरच्या कुठल्याही उधारीवर दोन सह्या, एक भाऊजींची, एक माझी. बँकेतही तसंच लिहून दिलं. भाऊजींनीच फॉर्म आणला, हे सांगायला हवं.

मागच्या महिन्यात एका सौद्यावर मी सही केली नाही. ते काहीच बोलले नाहीत, बाहेर अंगणात जाऊन बसले. थोड्या वेळाने चुलतभावाची गाडी आली, दोघं गोडाऊनकडे गेले. रात्री जेवताना मला म्हणाले, वहिनी, त्या पार्टीचे रिटर्न काढून ठेव, उद्या परत बसू.